आडाच्या चौकातल्या कोयऱ्या

सुंदरम्मा: ओढणी वर घे, बिड्डा! सगळा मुग्गु पुसत चाललीस की.

ज्ञानदा: अगंबाई, पुसली का रांगोळी? कुठे?

सुंदरम्मा: कोयरीचं शेपूट गेलं बघ. सरक तिकडं, मी करते नीट. गल्लीतल्या बायका अंधारात कंबर मोडून काढून गेल्या, आणि हितं इंजिनीअरबाईची ओढणी झाडू मारतीया.

ज्ञानदा: मावशी, कोयरी म्हणू नका हो. नकाशात तो कोपऱ्याचा उंचवटा आहे. महापालिकेच्या साहेबांसमोर कोयरी म्हणालात तर माझं हसं होईल.

सुंदरम्मा: चौकाच्या चार कोपऱ्यांना चार. एकीकडं गोल, एकीकडं निमुळती. माझ्या लग्नातल्या लुगड्याच्या पदराला हीच हाय. तुझा साहेब त्याला काय म्हणंल ते म्हणू दे.

ज्ञानदा: आणि आतली कमळं? कमळं नव्हती सांगितली मी.

सुंदरम्मा: रिकामी कोयरी मला बघवत न्हाई.

ज्ञानदा: सायकलच्या चित्राला पाकळ्या कशाला मग?

सुंदरम्मा: चाक काढ म्हणालीस, चाक काढलं. चाकाला तारा असतात का न्हाई? तारा काढता काढता पाकळ्या झाल्या. हाताला वळण तेच, काय करणार? आणि इतकं करून टँकर येऊन धुणारच हाय ना सगळं?

ज्ञानदा: आठ वाजता साहेब बघून गेले की लगेच. परवानगीच तशी मिळालीय. रविवारची एक सकाळ, आणि धुऊन जाईल असंच काहीतरी वापरा, रंग लावायचा नाही. म्हणून तर मला रांगोळी सुचली. काल किती हुशार वाटत होते मी स्वतःला!

सुंदरम्मा: हुशारच हायस. बापावर गेलीस. फोन वाजतोय बघ तुझा. मास्तरच असणार. समोर खिडकीत उभे हायेत, मफलर बांधून.

ज्ञानदा: हं, बोला बाबा. मावशींच्या पायरीवर बसलोय आम्ही. थांबा, स्पीकरवर टाकते.

गंगाधर: ज्ञाना, वरून फार सुंदर दिसतंय गं. जन्मभर भूगोल शिकवला, भिंतीवर नकाशे टांगले. जमिनीवर पसरलेला नकाशा कधी बघितला नव्हता. चार कोपऱ्यांना चार कोयऱ्या...

सुंदरम्मा: ऐकलंस? मास्तर पण कोयरीच म्हणतात!

गंगाधर: आणि त्यांच्या आतल्या अंगानं, घरांच्या बाजूनं, गेरूचा तांबडा पट्टा वळत गेलाय. तो सायकलींचा ना?

ज्ञानदा: हो. सायकलवाला त्या पट्ट्यातून येणार, कोयरीच्या आडोशाला थांबणार. मोठ्या गाडीला कोयरी ओलांडता येत नाही, तिला लांबून वळसा घालावा लागतो. मग वेग आपोआप कमी होतो, आणि मागची ट्रॉली कोपऱ्यावरून फिरत नाही.

गंगाधर: म्हणजे त्या दिवशी मी जिथे उभा होतो, त्या जागी आता...

ज्ञानदा: त्या जागी आता कमळ आहे, बाबा.

गंगाधर: हं. चहा घेतलास का?

ज्ञानदा: घेतला. तुम्ही?

गंगाधर: ठेवलाय. तुझी आई बार्शीला गेल्यापासून मला साखरेचा डबा सापडत नाही. ज्ञाना, काय शांत आहे गं आज! माझ्या स्वप्नात चौक असाच असतो.

सुंदरम्मा: कसलं स्वप्न, मास्तर?

गंगाधर: रोज पहाटे पडतं. इथला जुना आड बुजवला ना, तो भरून वर आलेला असतो. चौकात पाणीच पाणी, गुडघाभर, स्वच्छ. रिक्षा, एस्ट्या, सगळं असतं, पण कशालाच आवाज नसतो. आणि मी सायकलवरून जात असतो. पॅडल मारावं लागत नाही. सायकल आपली होडीसारखी जाते पलीकडे.

सुंदरम्मा: मग? पलीकडं पोचता का?

गंगाधर: तेवढ्यात तुमची घंटी वाजते आणि मी जागा होतो.

सुंदरम्मा: अय्यो! मग उद्यापासून जरा थांबून वाजवते.

गंगाधर: नको नको, वाजवा. चहा उतू चाललाय, ठेवतो.

ज्ञानदा: कसली घंटी, मावशी?

सुंदरम्मा: तुला ठाऊक न्हाई? तुझ्या बापाची सायकल माझ्याकडंच हाय की, त्या दिवसापासून. दारात मुग्गु काढून झाला की मी तिची घंटी वाजवते. दोनदा. मग मास्तरांची खिडकी उघडते. उघडली की मी समजते, मास्तर उठले, बरे हायेत.

ज्ञानदा: मी रोज ऐकते ती घंटी! मला वाटायचं दूधवाला.

सुंदरम्मा: दूधवाला भोंगा मारतो, कान फुटंस्तोवर. मी त्या दिवशी दारातच होते, बिड्डा. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, गाणं लावलेलं मोठ्यानं. पुढचा वळून गेला आणि मागच्या ट्रॉलीनं कोपरा कापला. मास्तर कडेला उभे, त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष? ट्रॅक्टरवाल्याला कळलं पण न्हाई. मास्तरांना रिक्षात घालून दिलं आणि सायकल आत आणली. चाक सरळ करून घेतलं. म्हटलं, उद्या येतील, घेऊन जातील. दोन वर्षं झाली, तो उद्या काय उजाडत न्हाई.

ज्ञानदा: पाय केव्हाच बरा झालाय हो त्यांचा. घरात जिने चढतात, गच्चीवर फिरतात. चौकापर्यंत येतातही. फुटपाथच्या कडेला उभे राहतात, मग खाली वाकतात, चपलेचा पट्टा निघालाय असं दाखवतात, आणि मागे फिरतात. मी म्हटलं, रिक्षानं जाऊ. तर म्हणतात, पलीकडे माझं काय काम आहे?

सुंदरम्मा: काम न्हाई कसं? शाळा हितं, वाचनालय हितं, सगळे दोस्त हितं. मी हाय. आणि सायकल.

ज्ञानदा: मावशी, एक सांगू? साहेबांना मी सांगितलं, शाळेतली मुलं आहेत, कारखान्यातल्या बायका आहेत, त्यांच्यासाठी हा चौक बदलायला हवा. ते खरंच आहे सगळं. पण रात्री नकाशा काढायला बसले की मला एकच माणूस दिसायचा. मला माझ्या बाबांना हा चौक ओलांडताना बघायचंय. आज जमलं नाही तर साहेब फाइल बंद करणार आहेत. लोक ऐकणार नाहीत, असंच ते धरून चाललेत.

सुंदरम्मा: डोळे पूस. आला बघ पहिला. तुझा दूधवाला.

ज्ञानदा: थांबतोय! मावशी, रेषेच्या मागे थांबला! बघा ना!

सुंदरम्मा: उतरला पण. मोटरसायकल ढकलत न्यायला लागलाय.

ज्ञानदा: ढकलतोय कशाला? चालवायला मनाई नाही केलेली.

सुंदरम्मा: भला माणूस हाय. मागनं रिक्षा आली.

ज्ञानदा: तोही! कसा अलगद वळसा घातला त्यानं, कोयरीला धक्कासुद्धा नाही.

सुंदरम्मा: आता तू पण कोयरी म्हणायला लागलीस.

ज्ञानदा: त्यानं कपाळाला हात कशाला लावला पण?

सुंदरम्मा: ऊन आलं असंल डोळ्यावर.

ज्ञानदा: ऊन कुठाय अजून? अक्कलकोटची एस्टी आली. मावशी, माझा हात धरा. एस्टीचीच मला भीती... सावकाश घेतोय. किती सावकाश! हॉर्नसुद्धा नाही वाजवला. मी एवढी वर्षं शिकले, मला स्वतःला खरं वाटत नव्हतं की असं होईल.

सुंदरम्मा: सगळ्या गाड्या कशा झोपेत चालल्यागत चालल्यात. मला पण खरं वाटंना. ह्या चौकात मी सून होऊन आले, पण चिमण्या आज ऐकतीया.

ज्ञानदा: मावशी... ते गाणं.

सुंदरम्मा: कसलं?

ज्ञानदा: उसाचा ट्रॅक्टर येतोय. दोन ट्रॉल्या.

सुंदरम्मा: घाबरू नको. बघ, गाणं बंद केलं त्यानं. मान बाहेर काढून बघतोय. वळला. लांबून घेतोय की.

ज्ञानदा: पुढची गेली. मागची... मागची पण गेली. फोन वाजतोय. हं, बाबा!

गंगाधर: ज्ञाना, बघितलंस? मागची ट्रॉली कमळाला शिवली नाही.

ज्ञानदा: बघितलं, बाबा.

गंगाधर: मी खिडकीचा गज धरून उभा होतो गं. हात अजून सुटत नाहीये.

ज्ञानदा: बसा तुम्ही खुर्चीत. पाणी प्या. फोन ठेवू नका.

बजाबाई: बायांनो, पालकी कुटवर आली गं?

ज्ञानदा: कुठली पालखी, आजी?

बजाबाई: आता बया! येवडी रांगोळी घातली, गेरू वडला, आन मलाच इचारती कुटली पालकी! मी वळसंगची, बजाबाई. लेकीकडं आल्ते. सकाळच्या एस्टीनं गावाकडं निगाल्ते, तर ह्यो थाट बगितला. मनलं, गड्ड्याची जत्रा तर झाली, मानाच्या काट्या बी गेल्या, आता कोन द्येव येतोय? दूदवाला मनला, कुनाची तरी पालकी हाय, रिक्षावाला बी तेच मनला. मग एस्टी दिली सोडून. फुलं बी घेटली की मी, ही बगा, शेवंतीची.

ज्ञानदा: अरे देवा.

सुंदरम्मा: बसा आजी, बसा हितं पायरीवर. येईल.

ज्ञानदा: मावशी! काय येईल?

सुंदरम्मा: तू गप.

ज्ञानदा: गप कशी बसू? म्हणजे हे सगळे देवासाठी थांबत होते! दूधवाला, एस्टीवाला, तो ट्रॅक्टर... मला वाटलं, माझी रचना बरोबर आहे म्हणून. आणि मी वेडी इथे टाळ्या पिटतेय! रस्त्याच्या मधोमध एवढी रांगोळी घातली तर पालखीच येणार असं वाटेल लोकांना, हे सोलापुरात जन्मून माझ्या डोक्यात आलं नाही?

सुंदरम्मा: माझ्या पण न्हाई आलं. पण मग काय बिघडलं? थांबले ना? वळसा घातला ना? तुझ्या साहेबाला तेवढंच बघायचं हाय.

ज्ञानदा: हे फसवणं झालं, मावशी. साहेबांना फसवणं, आणि ह्या आजींना पण. त्यांनी एस्टी सोडली माझ्यामुळे.

सुंदरम्मा: बोललीस तर फाइल बंद. मग मास्तर खिडकीत आणि सायकल माझ्या पडवीत, जन्मभर. तुला तेच पाहिजे?

ज्ञानदा: मला ते नकोच आहे! बाबा, ऐकताय ना तुम्ही? सांगा काहीतरी. हसताय काय?

गंगाधर: हसू नको तर काय करू? तुझ्या आईला सांगितलं पाहिजे. ज्ञाना, टँकर आठला ना?

ज्ञानदा: साहेब आले की मग. का?

गंगाधर: म्हणजे आहे अजून वेळ.

ज्ञानदा: कशाला वेळ आहे? बाबा? हॅलो? ठेवला फोन.

बजाबाई: काय झालं गं लेकी? रडाया काय झालं?

ज्ञानदा: आजी, मला माफ करा. पालखीबिलखी काही येणार नाही. चौक नीट करायचाय, तो कसा होईल हे बघायला मी ही रांगोळी काढून घेतली. हा तांबडा पट्टा सायकलवाल्यांचा आहे.

बजाबाई: सायकलवाल्यांचा? येवडा?

ज्ञानदा: हो. त्यांना कुणी उडवू नये म्हणून.

बजाबाई: मग सायकलवाला कुटं हाय? मी येऊन केवडा येळ झाला, येक बी न्हाय दिसला.

सुंदरम्मा: अय्यो, खरंच की गं! सकाळपासून एक सायकल आली न्हाई. रविवार ना आज, कारखाने बंद, शाळा बंद.

ज्ञानदा: आता हसावं का रडावं तेच कळत नाही मला. देवाची म्हणावी तर पालखी नाही, आणि सायकलींची म्हणावी तर सायकल नाही. साहेब येऊन काय बघणार, कमळं?

सुंदरम्मा: ज्ञानदा.

ज्ञानदा: काय?

सुंदरम्मा: मास्तर खाली उतरलेत.

ज्ञानदा: कुठे? ...हो. फुटपाथच्या कडेला आलेत. तिथवर येतात ते, मावशी. तिथवर रोजच येतात.

सुंदरम्मा: वाकले.

ज्ञानदा: चपलेचा पट्टा. आता फिरतील मागे. नका बघू तिकडे, त्यांना कळलं आपण बघतोय तर वाईट वाटेल.

सुंदरम्मा: अगं, चपला हातात घेतल्या त्यांनी! अनवाणी आले की रस्त्यावर.

बजाबाई: पालकीचा मानकरी हाय का त्यो?

ज्ञानदा: आजी, ते माझे बाबा आहेत.

बजाबाई: किती हळू चालत्यात. समदी थांबल्यात बग त्यास्नी बगून, रिक्षा बी, टेम्पो बी.

ज्ञानदा: बाबा! बाबा, तुम्ही... आलात.

गंगाधर: रांगोळीवरून चपला घालून कसं यायचं? गेरू ओला आहे गं अजून, तळपाय तांबडे झाले बघ माझे. सुंदरम्मा, माझी सायकल आहे ना तुमच्याकडे?

सुंदरम्मा: कुठली सायकल बाई? आठवावं लागंल. कोण आपण?

गंगाधर: भूगोलाचा मास्तर. समोरच राहतो. जरा लांब पडतं.

सुंदरम्मा: थांबा. चादरीखाली झोपलीया, उठवून आणते.

ज्ञानदा: बाबा, ऐका माझं. आज हे लोक देवासाठी थांबलेत. तुमच्यासाठी नाही, सायकलसाठीही नाही. उद्या रांगोळी गेली की परत तेच होणार आहे.

गंगाधर: माहीत आहे मला. म्हणून तर आज आलो. रोज काय देवाची वाट मोकळी मिळते? उद्याचं तू बघ. तुझं कामच आहे ते.

ज्ञानदा: पाय लटपटतायत तुमचे.

गंगाधर: लटपटतायत. स्वप्नात लटपटत नाहीत.

सुंदरम्मा: ही घ्या. हवा परवाच भरलीया. घंटी नीट हाय, तिची मीच ग्वाही देते.

गंगाधर: इतकी चकचकीत तर माझ्याकडे असताना नव्हती.

बजाबाई: दादा, जरा थांबा. मी फुलं आनल्ती पालकीसाटी. आता वळसंगला माघारी न्हेऊन काय करू? ह्या दांडीला खवते. जावा, सांभाळून जावा.

ज्ञानदा: सरळ नका जाऊ, बाबा. तांबड्या पट्ट्यातूनच. कोयरीपाशी थांबायचं, डावीकडे बघायचं, मग...

गंगाधर: ज्ञाना, सायकल चालवायला तुला मी शिकवलं. सोड आता कॅरिअर.

ज्ञानदा: सोडलं.

(सायकल पुढे सरकते.)

सुंदरम्मा: जरा डगमगले.

ज्ञानदा: सावरले. कोयरीपाशी थांबले. पाय कमळाशेजारी टेकवलाय. मावशी, परत गाणं ऐकू येतंय का हो?

सुंदरम्मा: दुसरा ट्रॅक्टर. बंद केलं त्यानं पण. थांबला.

ज्ञानदा: बाबा त्याच्याकडे बघतायत.

सुंदरम्मा: तो पण बघतोय. हातानं खुणावतोय, जावा म्हणून.

ज्ञानदा: निघाले. निघाले बाबा! पॅडल मारतायत की नाही तेच कळत नाही, किती अलगद चाललेत. पाणी असतं ना स्वप्नात त्यांच्या, अगदी तसे. मावशी, मला काही दिसेना झालंय, तुम्ही सांगा.

सुंदरम्मा: मधे आले. तांबड्यावरच हायेत. मफलर उडतोय. रिक्षावाल्यानं हात जोडलेत त्यांना, वेड्यानं. मास्तर पण जोडायला गेले नि परत दांडी धरली. दुसऱ्या कोयरीला वळसा घातला. ...पोचले, बिड्डा. पोचले पलीकडं.

बजाबाई: आली की मग पालकी. उगं रडत हुतीस.

ज्ञानदा: आजी, तुमची पुढची गाडी मी बघते. मी स्वतः बसवून देते तुम्हाला.

बजाबाई: गाडीचं काय येवडं? जातील येतील. आन तुजा सायेब?

सुंदरम्मा: व्हय, त्याला काय सांगणार आता?

ज्ञानदा: खरं तेच. की लोक रांगोळीला थांबले, सायकलला नाही थांबले. रांगोळी रोज राहणार नाही, म्हणून कोयऱ्या दगडाच्या पाहिजेत, चांगल्या उंच. ट्रॅक्टर भाविक असो नसो, त्याला वळसा घालावाच लागेल. मग करू देत फाइल बंद. मी परत उघडायला लावीन.

सुंदरम्मा: आणि दगडाच्या कोयऱ्या रिकाम्या ठेवणार?

ज्ञानदा: नाही. कमळासकट.

सुंदरम्मा: बघ, आता कशी शहाण्यासारखी बोललीस. ...थांब. ऐकलंस?

ज्ञानदा: काय?

सुंदरम्मा: दोनदा वाजली.

ज्ञानदा: हो, बाबाच वाजवतायत. दारात उभे राहून इकडेच बघतायत. मावशी, आत कुठे निघालात? बसा ना, साहेब येतीलच आता.

सुंदरम्मा: साहेबाला येऊ दे गं. घंटी वाजली, माझी खिडकी उघडून येते.